बिनतारी सायकल आणि खोखा झालेली हुंडी



आमच्या परिचयातील एका घरी नातवाने नवी सायकल आणली. आजोबांचे उभे आयुष्य आडत दुकानाच्या गादीवर गेलेले. आता वय ब्याऐंशी. अंगणात उभ्या असलेल्या त्या सायकलीभोवती त्यांनी काठी टेकीत एक फेरी मारली आणि हँडलाकडे बोट दाखवून विचारले,

“गिअर बदलायची तार कोठे आहे रे हिची?”

“तार नाहीच, आजोबा. येथे बटण दाबले की मागच्या यंत्राला निरोप हवेतून जातो.”

आजोबा क्षणभर थांबले. “मग शेजारी अशीच दुसरी सायकल उभी राहिली, तर ही कोणाचे ऐकेल?”

“हिला हिचेच बटण ओळखता येते.”

“बरे. आणि काल तूच दिलेला निरोप आज दुसऱ्याच कोणी पुन्हा दिला तर?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नातवापाशी होते, दुसऱ्याचे नव्हते. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी असूनही त्याला तो प्रश्न सुचला नव्हता. आजोबांना सुचला, कारण त्यांचे तारुण्य हुंडीच्या व्यवहारात गेले होते. या महिन्याचे सदर या दोन प्रश्नांना वाहिलेले आहे. विषय सायकलीचा असला, तरी आपल्या दुकानाच्या गल्ल्याशी त्याचा संबंध किती जवळचा आहे, हे शेवटी ध्यानात येईल.

प्रथम जुनी रीत पाहू. हँडलावरील खटका ओढला की नळीतून जाणारी पोलादी तार ताणली जाते आणि मागील चाकापाशी असलेले ‘डिरेलर’ नावाचे यंत्र साखळीला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवते. नळीतून तार ओढण्याच्या या युक्तीचे एकस्व अर्नेस्ट बाउडन यांनी इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतले. आजही जगातील बहुसंख्य सायकली याच युक्तीवर चालतात. तिच्यात दोष दोनच: तार कालांतराने सैलावते, आणि धूळपाण्याने नळीत अडकते. आजच्या बारा चक्रांच्या सायकलीत दोन चक्रांमधील अंतर चार मिलिमीटरही भरत नाही. तेथे तार किंचित सैल झाली तरी साखळी भलत्याच चक्रावर घुटमळते.

यावर उपाय म्हणून तारेच्या जागी विजेची मोटार आली. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९९ साली ‘मेकट्रॉनिक’ नावाची व्यवस्था बाजारात आणली. तिच्यात मागील गिअरला रेडिओने आज्ञा जाई. पण भरवशाच्या बाबतीत ती उणी पडली आणि टिकली नाही. जपानच्या साकाई शहरात १९२१ पासून काम करणाऱ्या शिमानो कंपनीने २००९ साली विजेवर चालणारे गिअर आणले, मात्र निरोपासाठी विजेची तार कायम ठेवली. अमेरिकेतील शिकागोच्या स्रॅम कंपनीने २०१५ साली तारेविना चालणारी ‘ईटॅप’ ही व्यवस्था जाहीर केली. तिची रीत फार सोपी आहे. उजवे बटण दाबले की मागचा गिअर जड होतो, डावे दाबले की हलका होतो, आणि दोन्ही एकदम दाबली की पुढचे चक्र बदलते. २०२१ साली शिमानोनेही आपल्या वरच्या श्रेणीत हँडलाकडून जाणारा निरोप बिनतारी केला. पुढचे आणि मागचे अशी दोन्ही यंत्रे मात्र फ्रेममधील बॅटरीला तारेनेच जोडलेली ठेवली.

गिअरच्या आधीच इतर उपकरणे तारेवाचून बोलू लागली होती. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली छातीच्या पट्ट्याकडून मनगटावरील घड्याळाला हृदयाचे ठोके कळवणारे साधन आणले. आज एकाच सायकलीवर चाकाचा वेग, पायडलाच्या फेऱ्या, पायांचा जोर आणि हृदयाचे ठोके सांगणारे चार निरनिराळे सेन्सर असू शकतात. हँडलावरील छोट्या पडद्याशी ते सारे एकाच वेळी बोलत असतात.

हे बोलणे चालते रेडिओ लहरींनी. त्यांची वारंवारता २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर. हा पट्टा अल्पशक्तीच्या साधनांसाठी जगभर खुला ठेवलेला आहे. भारतातही २००५ पासून त्याला परवाना लागत नाही. घरातील वायफाय, मोबाइलचे ब्लूटूथ आणि सायकलीचे सेन्सर अशी सारी मंडळी याच रस्त्याने ये-जा करतात. मग गर्दी का होत नाही? कारण सायकलीचे सेन्सर फार थोडे बोलतात.

सेन्सरांसाठी ‘अँट’ ही एक बिनतारी भाषा बरीच रूढ आहे. ती कॅनडातील डायनास्ट्रीम या कंपनीने तयार केली. पुढे २००६ साली गार्मिनने ती कंपनी घेतली. या भाषेत हृदयाचे ठोके सांगणारा पट्टा सेकंदातून साधारण चार वेळा बोलतो. एका वेळी आठ बाइट, म्हणजे आठ अक्षरांएवढा मजकूर. तो उच्चारण्यास सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहून थोडाच अधिक वेळ लागतो. हिशेब केला तर पूर्ण सेकंदात हा सेन्सर एक सहस्रांश सेकंदही बोलत नाही. उरलेला वेळ तो निद्रिस्त असतो. म्हणूनच रुपयाच्या नाण्याएवढ्या चपट्या सेलवर तो महिनोन्महिने चालतो. ब्लूटूथची कमी वीज खाणारी आवृत्ती २०१० साली आली. तिचेही सूत्र हेच: थोडे बोलावे, मग झोपावे.

आपल्याकडे भाषासमिती आणि वचनगुप्ती यांचा उपदेश लहानपणापासून कानी पडतो. बोलावे ते हितकर, मित आणि निःसंदिग्ध असावे. एरवी वाणीला विराम असावा. यंत्राला संयमाचे पुण्य लागत नाही, हे खरे. त्याचा संयम विजेच्या टंचाईतून आलेला आहे. तरीही एकाच मार्गावर अनेकांना सुखाने वावरायचे असेल, तर प्रत्येकाने मोजके बोलावे लागते, हा नियम अभियंत्यांनाही अखेर स्वीकारावा लागला, हे नोंदवण्यासारखे आहे.

आता आजोबांचा पहिला प्रश्न: ही सायकल कोणाचे ऐकेल?

हा प्रश्न पोकळ नव्हता. सुरुवातीच्या काळात छातीच्या पट्ट्यांना स्वतःची ओळख नसे. ते पाच किलोहर्ट्झच्या चुंबकीय स्पंदनातून केवळ ‘ठोका पडला’ एवढेच सांगत. दोन धावपटू खांद्याला खांदा लावून धावू लागले की एकाच्या घड्याळात दुसऱ्याचे ठोके शिरत. पुढे निरोपाला सांकेतिक खूण जोडली गेली आणि गोंधळ आवरला. आजच्या अँट सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो. नवा सेन्सर आणला की एकदा त्याची आणि पडद्याची गाठ घालून द्यायची. त्यानंतर पडदा त्याच क्रमांकाचे ऐकतो. गिअरच्या बाबतीत ही गाठ अधिक पक्की असते. बटण आणि डिरेलर यांच्यात एक गुप्त किल्ली ठरते आणि निरोप त्या किल्लीने कुलूपबंद होऊन जातो.

हुंडीचा कागद ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. हुंडी कोणी लिहिली, कोणावर लिहिली, कोणाला द्यायची, हे तिच्यात स्पष्ट असे. अक्षराचे वळण मुनिमाच्या ओळखीचे असे. रक्कम आकड्यात लिहून पुन्हा अक्षरी लिहीत, आणि तिसऱ्यांदा ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट एक हजार’ अशा रीतीने तिचे अर्धे सांगत, म्हणजे कोणी शून्य वाढवले तर तत्काळ उमगावे. बिनतारी निरोपाच्या शेवटीही असाच एक पडताळ्याचा आकडा असतो. मजकुरावरून तो पुन्हा काढून पाहतात. जुळला नाही तर वाटेत काही बिघडले असे समजून तो निरोप टाकून देतात. शेकडो कोसांवरील दोन पेढ्यांना एकमेकींचे तोंड न पाहता व्यवहार करायचा होता. बटणाला आणि डिरेलरला तेच करायचे आहे. अडचण एक असली की उपायही सारखेच सुचतात.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. काल खऱ्या माणसाने दिलेला खरा निरोप आज भलत्यानेच पुन्हा दिला तर?

२०२४ साली अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची सॅन डिएगो शाखा येथील संशोधकांनी नेमका हाच प्रश्न शिमानोच्या बिनतारी गिअरला विचारला. बाजारात सहज मिळणारी रेडिओची साधने घेऊन त्यांनी गिअर बदलण्याचा निरोप हवेतून टिपून ठेवला आणि नंतर तोच जसाच्या तसा पुन्हा सोडला. सायकलीने तो मानला आणि गिअर बदलला. सुमारे दहा मीटर अंतरावरून हे साधले. निरोप कुलूपबंद होता, परंतु कुलूप उघडण्याची गरजच पडली नाही. पेटी न उघडता तशीच उचलून पुन्हा दारात ठेवली आणि आतल्या माणसाने ती मालकाचीच म्हणून घरात घेतली.

चढावर जोर लावलेला असताना अचानक गिअर जड झाला, किंवा दाटीने धावणाऱ्या शर्यतीत पाय एकाएकी मोकळा फिरला, तर स्वाराचा तोल जाऊ शकतो. तेव्हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नव्हता, देहाचा होता.

यातील दोष नीट समजून घेतला पाहिजे. निरोप खोटा नव्हता, सही खोटी नव्हती, किल्लीही फुटलेली नव्हती. खोटी होती ती फक्त वेळ. निरोप एकदा पाळून झाला आहे, याची नोंद ठेवण्याची सोय त्या व्यवहारात नव्हती.

आपल्या पूर्वजांनी ही नोंद ठेवली होती. हुंडीचे पैसे चुकते झाले की ती रद्दाची खूण करून वेगळी ठेवीत, आणि अशा हुंडीला ‘खोखा’ म्हणत. खोखा झालेली हुंडी कितीही अस्सल असली तरी पुन्हा वटत नसे. मूळ हुंडी वाटेत हरवली तर तिची ‘पेठ’ लिहीत, तीही हरवली तर ‘परपेठ’. पण या तिहींपैकी एकच वटेल, हे आधीच ठरलेले असे. अस्सलपणा ही एक गोष्ट, आणि ताजेपणा ही दुसरी. दोन्ही तपासल्याशिवाय गादीवरून रोकड उठत नसे.

रेडिओच्या व्यवहारातही यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक निरोपाला चढता क्रमांक द्यायचा. शंभरावा निरोप पाळून झाला की नव्याण्णवावा किंवा शंभरावा पुन्हा आला तरी तो मानायचा नाही. मोटारगाडीच्या दूरनियंत्रक किल्लीत प्रत्येक वेळी बदलणारा संकेत असतो, तो याच कारणाने. बँकेकडून मोबाइलवर येणारा एकवेळचा सांकेतिक अंकही यासाठीच एकदा वापरला की निकामी होतो.

त्याच संशोधनात आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. एक अशी, की अँट भाषेतून बाहेर जाणारी माहिती जवळून कोणालाही ऐकता येते. म्हणजे स्वार कोणत्या गिअरात आहे, हे प्रतिस्पर्ध्यास कळू शकते. दुसरी अशी, की एखाद्या ठरावीक सायकलीपुरताच गोंगाट करून तिचे गिअर बदलणे रोखता येते आणि शेजारच्या सायकलींना त्याचा उपद्रवही होत नाही.

श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया आणि साकारमंत्रभेद हे दोन येतात. पहिल्याचा रोख खोट्या लेखनाकडे, दुसऱ्याचा दुसऱ्याचे गुपित हेरून ते उघड करण्याकडे. रेडिओ त्या काळी नव्हता. पण परस्परांच्या विश्वासावर चालणारा व्यवहार कोठे कोठे भंगू शकतो, याची ती यादी आजही पुरते. साधने बदलली, लोभाच्या वाटा बदललेल्या नाहीत.

या प्रकरणातील पुढचा भाग मला सर्वांत अनुकरणीय वाटतो. संशोधकांनी दोष सापडताच डांगोरा पिटला नाही. त्यांनी आधी कंपनीला कळवले, दुरुस्तीला अवधी दिला आणि मग निबंध प्रसिद्ध केला. कंपनीनेही दोष नाकारला नाही. संशोधकांसोबत काम करून तिने गिअरच्या आतील आज्ञावली सुधारली, ती प्रथम व्यावसायिक शर्यतींच्या संघांना आणि नंतर सर्वसामान्य ग्राहकांना दिली. दोष दाखवणाऱ्याने समोरच्याची लाज राखली, आणि ज्याचा दोष दाखवला गेला त्याने राग न धरता सुधारणा केली. व्यवहारात इतके जमले तरी पुष्कळ झाले.

मात्र एक कडी उरते, आणि ती आपल्या हाती आहे. सुधारलेली आज्ञावली ग्राहकाच्या सायकलीत आपोआप शिरत नाही. मोबाइलमधील ॲपवरून ती भरावी लागते. ग्राहकाला हे सांगणार कोण? विकणारा. आपल्या समाजात सायकली, कुलुपे, कॅमेरे, बिनतारी दरवाजे आणि विजेची उपकरणे विकणारे पुष्कळ आहेत. मालाचा दोष विक्रीनंतर कळला, तरी ग्राहकाला फोन करून कळवणे हा व्यापाराचाच भाग आहे. वजन पुरे द्यावे, हे आपण जाणतो. दोषाची वार्ता दडवणे हेही वजन कमी देण्यासारखेच आहे.

आणि गल्ल्यावर बसणाऱ्यांनी आजोबांचा प्रश्न स्वतःला रोज विचारावा. ग्राहक मोबाइल पुढे करतो, पैसे भरल्याचे चित्र दाखवतो आणि गर्दीत निघून जातो. ते चित्र अस्सल असू शकते, पण कालचे असू शकते, किंवा दुसऱ्याच खरेदीचे असू शकते. ती खोखा झालेली हुंडीच होय. आपल्या खात्यात रक्कम आली का, याची खात्री आपल्याच साधनावर करावी. यात ग्राहकाचा अपमान नाही. उलट प्रत्येकासाठी एकच नियम असला की कोणावर संशय घेण्याची वेळच येत नाही.

घरच्यांसाठी चार व्यावहारिक सूचना. नवे सेन्सर आणि गिअर यांची गाठ घरीच, एकांतात घालावी. शर्यतीच्या प्रारंभी गर्दीत नव्हे. आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी. बिनतारी गिअरची बॅटरी संपली की साखळी आहे त्या चक्रावरच राहते. म्हणून लांबच्या प्रवासाआधी ती भरून घ्यावी. चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची: या उपकरणांतील नाण्यासारखे चपटे सेल लहान मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नयेत. असा सेल गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वापरून झालेला सेलही टेबलावर पडू देऊ नये.

शेवटी एक विचार अपरिग्रहाच्या अंगाने. शाळेत किंवा दुकानात जाण्यासाठी सायकल हवी असेल, तर तारेची सायकल आजही उत्तम आहे. तिची तार तुटली तर कोणत्याही गावातील कारागीर ती अल्प पैशांत बदलून देतो. तिला आज्ञावली नाही, सेल नाही आणि तिचा निरोप चोरताही येत नाही. शर्यतीसाठी किंवा शेकडो किलोमीटरच्या प्रवासासाठी ज्यांना बिनतारी गिअर खरोखर उपयोगाचे आहेत, त्यांनी ते जरूर घ्यावेत. शेजाऱ्याकडे आहेत म्हणून घेऊ नयेत.

त्या नातवाने पुढे शोध घेऊन आपल्या सायकलीतील आज्ञावली सुधारून घेतली आणि आजोबांना तसे सांगितले. आजोबांनी विचारले, “म्हणजे आता ती खोखा ओळखते?”

“ओळखते.”

“मग चालव,” ते म्हणाले, “पण हेल्मेट घाल.”

जय जिनेंद्र.